अंधुकाची नोंद : फिकट दीर्घिकांचा प्रकाश माणसाने कसा मोजला? (दीर्घ थ्रेड)

१/
१९७० साली ऑस्ट्रेलियातील खगोलशास्त्रज्ञ केन फ्रीमन यांनी एक विलक्षण निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या ३६ दीर्घिकांपैकी २८ दीर्घिकांच्या तबकड्यांचे केंद्र जवळजवळ सारखेच उजळ होते. जणू निसर्गाने साऱ्या दीर्घिकांना एकाच मापाचा दिवा दिला होता. सहा वर्षांनी एका ब्रिटिश शास्त्रज्ञाने विचारले, हा नियम विश्वाचा आहे की आपल्या पाहण्याचा? आजचा थ्रेड या प्रश्नाच्या इतिहासावर आहे. त्यात मद्रास आहे, पुणे आहे, नारायणगावजवळचे खोडद आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना त्यातून घेण्यासारखेही पुष्कळ आहे.

२/
आरंभ आपल्याच आकाशापासून करू. वर्धा जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात, नागपूर-अमरावती महामार्गावर तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव आहे. ते साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर येते. दिवाळीतल्या अमावास्येला रात्री दहाच्या सुमारास येथून उत्तरेकडे, डोक्यापासून थोडे खाली पाहिले तर देवयानी तारकासमूहात एक धूसर ठिपका दिसतो. ती देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच एक प्रचंड सर्पिल दीर्घिका. तिचा आज दिसणारा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या सर्वांत दूरच्या वस्तूंत तिची गणना होते.

३/
नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणाऱ्या दोन बटू दीर्घिकाही आहेत, मोठा आणि लहान मॅजेलन मेघ. त्या मात्र दक्षिण ध्रुवाकडे आहेत. तळेगावच्या अक्षांशावर मोठा मेघ जेमतेम क्षितिजाला टेकतो आणि धुरकट हवेत विरून जातो. लहान मेघ तर कधी उगवतच नाही. कोणाला काय दिसणार, हे ठरवण्यात पाहणाऱ्याच्या जागेचाही वाटा असतो. हे सूत्र लक्षात असू द्या, पुढे ते पुन्हा येणार आहे.

४/
देवयानीच्या त्या ठिपक्याची जुनी लिखित नोंद इराणी ज्योतिर्विद अब्दुर्रहमान अल-सूफी यांच्या ९६४ सालच्या ताराग्रंथात सापडते. त्यांनी त्याला 'लहान ढग' म्हटले. १८व्या शतकात फ्रान्सच्या शार्ल मेसिए यांनी धूसर ठिपक्यांची यादी केली. तिचा हेतू व्यावहारिक होता. धूमकेतू शोधणाऱ्यांची या ठिपक्यांमुळे फसगत होऊ नये, एवढेच त्यांना हवे होते. ज्या यादीतून पुढे दीर्घिकांचे शास्त्र वाढले, तिचा जन्म 'दुर्लक्ष करण्याच्या वस्तू' म्हणून झाला. १८४५ मध्ये आयर्लंडच्या लॉर्ड रॉस यांना ७२ इंची दुर्बिणीतून यांपैकी एका ठिपक्यात वळणदार भुजा दिसल्या. सर्पिल रचनेची ती पहिली ओळख.

५/
पाहिले, पण मोजायचे कसे? ताऱ्यांची सहा प्रतींत विभागणी ही प्राचीन ग्रीक परंपरा होती. सर्वांत तेजस्वी तारे पहिल्या प्रतीचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या. १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन यांनी तिला गणिती शिस्त लावली. पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात नेमका १०० पटींचा फरक, म्हणून एका प्रतीचा फरक म्हणजे सुमारे २.५१२ पट. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू फिकट. हेच पॉगसन १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेचे प्रमुख म्हणून भारतात आले आणि १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. आज जगभरातील खगोलशास्त्रज्ञ जी पट्टी वापरतात, तिच्या कर्त्याची तीस वर्षे मद्रासेत गेली.

६/
तारा हा बिंदू असतो, त्याची प्रत मोजणे त्या मानाने सोपे. दीर्घिका मात्र पसरलेली असते. चमचाभर तूप वाटीत ओतले तर तळ झाकतो, तेच परातीत पसरले तर दिसतही नाही. तूप तेवढेच, पसरण निराळी. म्हणून दीर्घिकेसाठी दोन मापे लागतात : एकूण प्रकाश आणि पृष्ठीय तेजस्विता, म्हणजे आकाशाच्या ठरावीक चौकोनी तुकड्यातून येणारा प्रकाश. या दुसऱ्या मापाचा एक गुण मोठा नवलाचा आहे. आपल्या परिसरातील दीर्घिकांपुरते बोलायचे तर ते अंतराने बदलत नाही. वस्तू जवळ आली की मोठी दिसते, पण तिचा चौकोनी तुकडा तेवढाच फिकट राहतो. विरळ दीर्घिकेजवळ जाऊन उभे राहिलो तरी ती विरळच दिसेल.

७/
आता पुण्याकडे वळू. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वेधशाळेसाठी ५,००० रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' उभी राहिली. तिचे कर्तेधर्ते होते भौतिकशास्त्राचे पारशी प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. वेधशाळेची २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. ज्या महाविद्यालयाला आज आपण सीओईपी म्हणून ओळखतो, त्याच्या इतिहासातील हे पान फारच थोड्यांना ठाऊक आहे.

८/
त्या काळातला मोठा वाद असा होता, की आकाशातले धूसर ढग म्हणजे वायू की ताऱ्यांची दाटी? १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी वर्णपटाच्या साहाय्याने दाखवले, की काही ढगांचा प्रकाश मोजक्या तेजस्वी रेषांत येतो, म्हणजे ते वायूचे आहेत. देवयानीच्या ठिपक्याचा वर्णपट मात्र ताऱ्यांच्या प्रकाशासारखा सलग होता. मग वायूच्या ढगांतील मुख्य रेषा कोणत्या मूलद्रव्याची? नॉर्मन लॉकियर यांच्या मते ती मॅग्नेशियममुळे उमटते. तसे असते तर तिची एक कड धूसर दिसायला हवी होती. १८९१ मध्ये नायगमवालांनी पुण्यातून मृगातील तेजोमेघाचा वर्णपट तपासून नोंदवले, की ही रेषा नेहमी रेखीवच दिसते. युरोपातील एका बलाढ्य शास्त्रज्ञाच्या मताविरुद्ध पुण्यातून दिलेली ही साक्ष होती आणि ती पुढे खरी ठरली.

९/
२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे निरीक्षण-मोहीम नेली. काम जोमात होते, पण सारा डोलारा एका माणसावर उभा होता. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद करण्यात आली. उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. 'भावनगर दुर्बीण' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या २० इंची यंत्राचा पुढील कित्येक दशके तेथे फारसा उपयोगच झाला नाही.

१०/
१९१२ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील फ्लॅगस्टाफच्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी २४ इंची दुर्बिणीला वर्णपटमापक जोडला, तासन्तास प्रकाश साठवला आणि देवयानीचा वेग मोजला. ती सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असल्याचे आढळले. दीर्घिकांच्या वेगमापनाचा, पर्यायाने प्रसरणशील विश्वाच्या शोधाचा, हा पहिला दुवा. पुण्याची दुर्बीण चालू राहिली असती तर हाच शोध येथे लागला असता, असे म्हणता येणार नाही. स्लायफर यांच्याजवळ अधिक सक्षम उपकरण होते आणि स्वच्छ कोरडे आकाश होते. तरीही दुर्बिणींच्या आकारात फरक फारसा नव्हता, हेही खरेच. फ्लॅगस्टाफला एक टिकणारी संस्था होती. पुण्याला एक निष्ठावंत माणूस होता आणि त्याच्यामागे कोणी नव्हते.

११/
१९२३ मध्ये एडविन हबल यांनी १०० इंची दुर्बिणीच्या छायाचित्रांत देवयानीतील एक सेफीड तारा ओळखला आणि ही 'ढगाळ' वस्तू आकाशगंगेच्या पार पलीकडची असल्याचे स्पष्ट झाले. येथून दीर्घिकांच्या प्रकाशमापनाला खरा अर्थ आला. मापनाचे साधन होते रसायन लावलेली काच, म्हणजे फोटोग्राफिक प्लेट. तिच्यात दोन खोटी होत्या. तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम शंभरावा भाग नोंदला जाई. शिवाय दुप्पट प्रकाश पडला म्हणजे दुप्पट काळेपणा येईलच, याची शाश्वती नसे. म्हणून प्रत्येक प्लेटवर ज्ञात तीव्रतेच्या प्रकाशाचे ठसे उमटवून तिची पट्टी स्वतंत्रपणे ठरवावी लागे.

१२/
याहून मोठी अडचण आकाशाचीच होती. रात्रीचे आकाश कधीही पूर्ण काळे नसते. वातावरणाचे वरचे थर स्वतः मंद चमकतात, ग्रहमंडलातील धूळ सूर्यप्रकाश विखुरते, अदृश्य ताऱ्यांचा उजेड मिसळतो. चंद्र नसलेल्या, शहरापासून दूर असलेल्या उत्तम जागीही निळ्या प्रकाशात आकाशाची पृष्ठीय तेजस्विता प्रति चौरस विकला सुमारे २२.७ प्रत इतकी असते. फ्रीमन यांना सापडलेला 'सार्वत्रिक' आकडा होता २१.६५. म्हणजे नेहमीच्या सर्पिल दीर्घिकेच्या तबकडीचा अगदी मध्यभागदेखील आकाशाहून केवळ अडीच पट उजळ. केंद्रापासून बाहेर जावे तसा तिचा प्रकाश झपाट्याने घटतो आणि लवकरच आकाशाखाली बुडतो.

१३/
म्हणून फिकट दीर्घिका मोजण्याची कृती अशी : आधी दीर्घिकेच्या आसपासचे रिकामे आकाश मोजायचे, ते दीर्घिकेखाली किती असेल याचा अंदाज बांधायचा आणि वजा करायचे. उरेल तो दीर्घिकेचा प्रकाश. ऐकायला सोपे वाटते, पण समजा दीर्घिकेची कड आकाशाच्या शंभराव्या हिश्श्याइतकीच उजळ आहे. आकाश मोजताना आपण १ टक्का जास्त धरले तर ती कड कागदावरून नाहीशी होईल. १ टक्का कमी धरले तर ती दुप्पट उजळ होईल. या शास्त्रात अर्ध्याहून अधिक श्रम वस्तू मोजण्यात जात नाहीत. ते आकाश मोजण्यात जातात.

१४/
मग जे आकाशाच्या पातळीखालीच आहे, त्याचे काय? १९३८ मध्ये हार्लो शॅपली यांनी दक्षिण आफ्रिकेतील ठाण्यावर घेतलेल्या प्लेटांतून स्कल्प्टर आणि फोर्नॅक्स या दोन बटू दीर्घिका जाहीर केल्या. प्लेटवरचा डाग समजून सहज सोडून द्याव्या, अशा त्या होत्या. फ्रिट्झ झ्विकी तर आग्रहाने सांगत, की विश्वात बटू दीर्घिकाच संख्येने सर्वाधिक असल्या पाहिजेत. आपल्या यादीत त्या नाहीत, कारण यादी उजळ वस्तूंची आहे. त्या काळी हे मत अनेकांना अतिरेकी वाटले.

१५/
याच पार्श्वभूमीवर फ्रीमन यांचा १९७० चा नियम आला आणि १९७६ मध्ये मायकेल डिस्नी यांनी 'नेचर' नियतकालिकातून त्यावर बोट ठेवले. त्यांचा युक्तिवाद असा. दीर्घिका फार विरळ असेल तर ती आकाशात बुडते. फार दाट असेल तर इतकी लहान दिसते, की तिला तारा समजून सोडून दिले जाते. या दोन टोकांमधल्या खिडकीतून जे दिसते, तेच यादीत येते. ती खिडकी कोठे आहे, हे आपल्या रात्रीच्या आकाशाचा उजेड ठरवतो. मग यादीतील साऱ्या दीर्घिका सारख्याच उजळ निघाल्या, यात नवल ते काय? हिमनगाचे वरचे टोक मोजून समुद्राची खोली सांगण्यासारखे ते होते.

१६/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. आष्टीचे नाव १९४२ च्या लढ्यामुळे देशाच्या इतिहासात ठळक आहे. पोलीस ठाण्यावरचा मोर्चा, गोळीबार, खटले, शिक्षा. या सर्वांचे कागद झाले, म्हणून ती घटना उजळ राहिली. त्याच तालुक्यातील इतर गावांत त्या ऑगस्टमध्ये कोण काय बोलले, कोणी कोणाला लपवले, कोणाच्या घरची चूल पेटली नाही, याचे कागद सहसा होत नाहीत. दफ्तरात उल्लेख नसला की आपण 'येथे काही घडले नाही' असे लिहून मोकळे होतो. डिस्नी यांनी खगोलशास्त्रज्ञांना विचारलेला प्रश्न आपल्यालाही तसाच लागू आहे : हे मौन भूतकाळाचे आहे की दफ्तराचे?

१७/
डिस्नी यांचे म्हणणे तर्कशुद्ध होते, पण पुरावा हवा होता. तो १९८६ मध्ये मिळाला. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड मॅलिन यांनी प्लेटांवरील अतिमंद प्रकाश ठळक करण्याचे तंत्र विकसित केले होते. त्या तंत्राने कन्या राशीतील दीर्घिकासमूहाच्या प्लेटा तपासताना ग्रेगरी बोथन, ख्रिस इम्पी, मॅलिन आणि जेरेमी मोल्ड यांना एक विचित्र वस्तू आढळली. लहानशा गाभ्याभोवती अतिशय विरळ, अफाट तबकडी. तिचे नाव 'मॅलिन १' पडले. ती १०० कोटी प्रकाशवर्षांहून दूर निघाली आणि तिचा विस्तार आपल्या आकाशगंगेच्या कित्येक पट भरला. तबकडीचा मध्यदेखील आकाशाहून विसाहून अधिक पट फिकट. ज्ञात असलेल्या सर्वांत मोठ्या सर्पिल दीर्घिकांपैकी एक इतकी वर्षे कोणत्याही यादीत नव्हती. आकाराने राक्षसी असूनही ती केवळ पातळ पसरल्यामुळे निसटली होती.

१८/
तोवर साधनही बदलले होते. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी ही इलेक्ट्रॉनिक चकती शोधली. त्याबद्दल २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तुमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्याची ती पूर्वज. प्लेट शंभरातला एखादा प्रकाशकण टिपत असे, चांगली सीसीडी ८० ते ९० टिपते. शिवाय दुप्पट प्रकाशाला ती दुप्पटच उत्तर देते. आकाश वजा करण्याचे गणित आता भरवशाचे झाले आणि खिडकी रुंदावली. १९८० आणि ९० च्या दशकांत विरळ दीर्घिका शेकड्यांनी सापडू लागल्या. फ्रीमन यांचा आकडा उजळ दीर्घिकांपुरता खरा राहिला, विश्वाचा नियम म्हणून मात्र तो टिकला नाही.

१९/
आता रंगाची गोष्ट. 'रंग' म्हणजे येथे डोळ्यांना भासणारी छटा नव्हे, तर आकडा. एकच वस्तू निळ्या फिल्टरमधून आणि हिरव्या-पिवळ्या फिल्टरमधून मोजायची आणि दोन प्रतींची वजाबाकी करायची. १९५३ मध्ये जॉन्सन आणि मॉर्गन यांनी या फिल्टरांची प्रमाण पद्धत घालून दिली. तिच्यानुसार सूर्याचा आकडा सुमारे ०.६५ येतो. आकडा लहान तर वस्तू निळी, मोठा तर तांबडी. निळे तप्त तारे उधळे असतात, काही कोटी वर्षांतच संपतात. तांबडे तारे दीर्घायुषी. म्हणून निळी दीर्घिका म्हणजे जिथे अलीकडे तारे जन्मले ती, आणि तांबडी म्हणजे जिथे ताऱ्यांचा जन्म थांबून बराच काळ लोटला ती. धूळही प्रकाश तांबडा करते, म्हणून निष्कर्ष जपून काढावा लागतो.

२०/
विरळ दीर्घिकांविषयी एक सहज समजूत होती. त्या फिकट आहेत, म्हणजे म्हाताऱ्या असणार. कधी काळी उजळ होत्या, आता विझत आल्या. तसे असते तर त्यांचा रंग तांबडा निघायला हवा होता. १९९० च्या दशकात स्टेसी मॅकगॉ, ग्रेगरी बोथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंग मोजले, तेव्हा त्यांतील बहुतेक चांगल्याच निळ्या निघाल्या. त्या विझत आलेल्या नव्हत्या. त्यांच्याकडे वायूचा साठा भरपूर होता, पण तो इतका विरळ पसरलेला, की तारे सावकाश आणि तुरळक जन्मत होते. एका वजाबाकीने त्यांचे चरित्रच बदलले. ज्यांना आपण ओसरलेले समजत होतो, ते मुळात संथ होते.

२१/
हा वायू मोजायचा तर रेडिओ दुर्बीण हवी, आणि येथे महाराष्ट्र कथेत परततो. थंड हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतो. १९४४ मध्ये हे भाकीत झाले आणि १९५१ मध्ये त्या लहरी सापडल्या. १९९० च्या दशकात गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जीएमआरटी उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात शेतमळ्यांमध्ये पसरल्या आहेत. तारांच्या जाळीची हलकी बांधणी असल्यामुळे इतक्या प्रचंड तबकड्या तुलनेने कमी खर्चात झाल्या.

२२/
याच दुर्बिणीने आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि रशियाचे इगोर काराचेंत्सेव्ह यांनी सहकाऱ्यांसह ६५ अतिफिकट बटू दीर्घिकांचे सर्वेक्षण केले. ते २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. या दीर्घिका आपल्या आकाशगंगेहून शेकडो पटींनी मंद आहेत. त्यांच्यापैकी एनजीसी ३७४१ या दीर्घिकेने सर्वांना चकित केले. २००५ मध्ये जीएमआरटीने दाखवले, की तिची हायड्रोजनची तबकडी दृश्य प्रकाशातील आकाराच्या सुमारे ८ पट दूरवर पसरली आहे. ही तबकडी ज्या वेगाने फिरते, त्यावरून हिशेब केला तर वस्तुमानाचा फार मोठा भाग अदृश्य पदार्थाचा असावा लागतो. छायाचित्रात जो चिमुकला डाग दिसतो, तो तिच्या खऱ्या देहाचा जेमतेम गाभा आहे.

२३/
दृश्य प्रकाशाच्या आघाडीवरही पुण्याने गमावलेली जागा पुन्हा मिळवली. १९८८ मध्ये, तख्तसिंहजी वेधशाळेच्या स्थापनेनंतर बरोबर १०० वर्षांनी, जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली आयुका ही संस्था स्थापन झाली. मे २००६ मध्ये जुन्नरच्या बाजूला गिरवली येथे तिची २ मीटर व्यासाची दुर्बीण कार्यान्वित झाली. २०१५ मध्ये अवकाशात गेलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीने आयुकाचे कनक साहा आणि सहकाऱ्यांनी ११ दूरस्थ बटू दीर्घिका पाहिल्या. त्यांच्या दृश्य कडेच्याही बाहेर अतिनील प्रकाशाचे फिके वलय आढळले, म्हणजे तेथे नवे तारे जन्मत होते. बटू दीर्घिका बाहेरून कशी वाढते, याचा हा दुर्मीळ पुरावा २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला.

२४/
आणि आता सर्पिल दीर्घिकांची अगदी ताजी नोंद. २०२५ मध्ये पुण्याच्या एनसीआरए संस्थेतील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एक सुघड सर्पिल दीर्घिका शोधली. विश्वाचे वय जेमतेम १५० कोटी वर्षे होते, तेव्हाची. इतक्या लवकर अशी नीटस रचना होईल, ही अपेक्षा नव्हती. तिचा व्यास सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे आहे आणि तिला 'अलकनंदा' हे नाव दिले आहे. हिंदीत आकाशगंगेला 'मंदाकिनी' म्हणतात, आणि अलकनंदा ही मंदाकिनीची भगिनी-नदी.

२५/
अलकनंदेचे वय, अंतर आणि ताऱ्यांचे वस्तुमान कळले ते रंगांमुळेच. विश्वाच्या प्रसरणाने तिचा प्रकाश ताणला गेला आहे. जो मुळात निळा-अतिनील होता, तो आपल्यापर्यंत तांबडा-अवरक्त होऊन पोहोचतो. म्हणून दोन फिल्टर पुरत नाहीत. तिचा प्रकाश २१ फिल्टरांतून मोजण्यात आला आणि त्या २१ आकड्यांची मालिका जुळवून तिचे चरित्र मांडण्यात आले. तिच्यासमोर असलेल्या एबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाने तिचा प्रकाश वाढवून दिला, हीही मदत झाली. पॉगसन यांची १८५६ ची पट्टी, १९५३ ची फिल्टर-पद्धत आणि आकाश वजा करण्याची जुनी शिस्त या साऱ्या परंपरेवर हे नवे काम उभे आहे.

२६/
या साऱ्या इतिहासातून मला एकच गोष्ट मांडायची आहे. अंधुकाची नोंद आपोआप होत नाही. तिला दोन गोष्टी लागतात. पहिली, स्वतःच्या आकाशाचा उजेड प्रामाणिकपणे मोजून वजा करणे, म्हणजे आपली खिडकी कोठे आहे हे आधी ओळखणे. दुसरी, एका माणसापलीकडे टिकणारी संस्था. नायगमवालांकडे पहिली दृष्टी होती, दुसरा आधार नव्हता, म्हणून १९१२ नंतर पुण्याचे आकाश पाहणारी सरकारी दुर्बीण उरली नाही. पुढे १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि हौशी निरीक्षकांनी परंपरा जपली. व्यावसायिक वेधशाळा परत यायला मात्र जवळजवळ शंभर वर्षे गेली.

२७/
आज नवी अडचण आपणच निर्माण करत आहोत. तळेगावच्या पूर्वेला नागपूर आणि पश्चिमेला अमरावती, मध्ये महामार्गावरचे ढाबे, पंप आणि प्रखर दिवे. वर फेकला जाणारा प्रत्येक दिवा आकाशाची पातळी थोडी उंचावतो आणि तिच्याखाली आणखी एक फिकट वस्तू बुडते. देवयानीचा ठिपका अजून दिसतो. शेजारच्या त्रिकोण तारकासमूहातील एम ३३ ही सर्पिल दीर्घिका येथून जवळजवळ डोक्यावरून जाते. पूर्वी गर्द काळोखात तीक्ष्ण नजरेला ती जेमतेम जाणवू शकत असे. आता तिच्यासाठी द्विनेत्री हाताशी असलेली बरी. दिव्यांवर झाकण घालून उजेड खाली वळवणे हा त्यावरचा साधा, स्वस्त उपाय आहे. त्याने रस्त्यावरचा प्रकाश वाढतो आणि आकाशातला घटतो.

२८/
यंदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणत्या लावून झाल्या की गावाबाहेरच्या शेताच्या बांधावर जा. डोळ्यांना वीसेक मिनिटे अंधाराची सवय होऊ द्या, मोबाइल खिशातच ठेवा आणि देवयानीकडे पाहा. थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवली तर फिकट वस्तू अधिक ठळक जाणवते. तुमच्या गावातून ती दिसते का, किती वाजता आणि किती स्पष्ट, हे खाली गावाच्या नावासह जरूर लिहा. पाच-दहा वर्षे दर दिवाळीला अशा नोंदी जमल्या तर विदर्भाच्या रात्रीचा तो एक लहानसा दस्तऐवज होईल. थ्रेड येथे पूर्ण.